शेकडेवारी आणि पर्सेंटाईल

परीक्षेचा निकाल हाती आला की आपली दृष्टी प्रथम शेकडेवारीकडे जाते. ३५ म्हणजे उत्तीर्ण, ६० म्हणजे प्रथम श्रेणी, हा हिशेब आपल्या घराघरांत इतका रुळला आहे की कोणताही आकडा आपण त्याच मापाने मोजतो. परंतु सर्वच परीक्षांना हे माप लागू पडत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुले इयत्ता आठवी-नववीत ‘पीएसएटी ८/९’ नावाची चाचणी देतात. कॉलेज बोर्ड या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या या चाचणीचा निकाल कसा वाचावा, हे आपण येथे पाहू.

तिचे विभाग दोन : वाचन-लेखन आणि गणित. प्रत्येक विभागाला १२० ते ७२०, म्हणजे एकूण २४० ते १४४० गुण असतात. आरंभ शून्यापासून का नाही? कारण ही बरोबर उत्तरांची नुसती बेरीज नव्हे. प्रश्नांचा कठीणपणा ध्यानात घेऊन आखलेली ती मोजपट्टी आहे. पुढे द्यावयाच्या ‘एसएटी’ परीक्षेची पट्टीही हीच; मात्र ती ४०० पासून १६०० पर्यंत जाते. त्यामुळे आज गणितात ४५० गुण मिळविणाऱ्याला पुढे ५२० मिळाले, तर त्याची प्रगती सरळ मोजता येते.

गुणांशेजारी पर्सेंटाईलचा आकडा असतो. शंभर विद्यार्थी गुणांच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे केले, तर आपले स्थान कोठे, एवढेच तो सांगतो. ७५ पर्सेंटाईल म्हणजे शंभरांपैकी पंचाहत्तर जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी. शेकडा ७५ उत्तरे बरोबर आली, असा त्याचा अर्थ नव्हे. म्हणून ५० पर्सेंटाईल पाहून कपाळाला हात लावणारे पालक मुलावर अन्याय करतात; ते मूल रांगेच्या ऐन मध्यावर असते.

आपल्याकडे ‘जेईई मेन’ परीक्षेतही २०१९ पासून पर्सेंटाईल देतात. ती अनेक सत्रांत होते व सर्व प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण नसतात. तेथे ९० पर्सेंटाईल मिळविणाऱ्याचे प्रत्यक्ष गुण शेकडा ९० हून पुष्कळ कमी असू शकतात.

आणखी एक गोष्ट. कोणतीही परीक्षा तंतोतंत मोजमाप करीत नाही. तोच विद्यार्थी दुसऱ्या दिवशी बसला तर गुण थोडे वरखाली होतात. दोन भावंडांत दहा गुणांचे अंतर पडले, तर त्यावरून एकाला हुशार व दुसऱ्याला मठ्ठ ठरविणे केव्हाही योग्य नव्हे.

पीएसएटी ८/९ चे गुण कॉलेज बोर्ड महाविद्यालयांकडे पाठवीत नाही. उणीव वेळीच कळावी, हाच तिचा हेतू. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, असा निकाल हाती आला की आपण तीन प्रश्न विचारावेत : माप कोणते? तुलना कोणाशी? आणि कोणत्या विभागात आपण मागे आहोत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्याच दिवशी अभ्यासाला लागावे.