शिकण्यातील पठार

टंकलेखन, तबला, इंग्रजी संभाषण, बीजगणित यांपैकी काहीही नव्याने शिकू लागलो की एक अनुभव बहुतेकांना येतो. सुरुवातीला प्रगती झपाट्याने होते. मग गाडी अडते. सराव तेवढाच चालू असतो, पण पुढे सरकल्याची खूण दिसत नाही. नेमक्या याच टप्प्यावर 'हे आपल्याला जमणारे नाही' असे ठरवून अनेक जण शिकणे सोडून देतात. कधी कधी हा निकाल विद्यार्थ्याच्या आधी त्याचे पालक वा शिक्षकच देऊन टाकतात. तो कितपत बरोबर असतो? या प्रश्नाचा एक जुना, पण आजही उपयोगी पडणारा शोध तारायंत्राच्या टेबलावर लागला.

तारायंत्रावरचे उमेदवार

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना हे काम थोडे समजावून सांगावे लागेल. मोर्सच्या लिपीत प्रत्येक अक्षरासाठी आखूड आणि लांब खुणांची एक जुळणी ठरलेली असते. तार पाठवणारा कळ दाबून या खुणा पाठवतो. घेणारा यंत्राचा खटखटाट ऐकून त्यातली अक्षरे ओळखतो आणि मजकूर लिहून काढतो.

अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातले विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी हे काम शिकणाऱ्या उमेदवारांच्या दर आठवड्याला चाचण्या घेतल्या. मिनिटाला किती अक्षरे पाठवता येतात आणि किती घेता येतात, हे त्यांनी मोजले. त्यांचे निष्कर्ष १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठवण्याच्या गतीचा आलेख आधी भरभर चढला आणि मग हळूहळू सपाट होत गेला. घेण्याच्या गतीचा आलेख मात्र निराळा निघाला. तो चढला, मग बराच काळ जवळजवळ आडवा राहिला आणि त्यानंतर पुन्हा वर चढला. या आडव्या भागाला 'पठार' हे नाव मिळाले.

दुर्दैव असे, की हे पठार मुख्य तारमार्गावर काम मिळण्यासाठी लागणाऱ्या गतीच्या थोडेसेच खाली होते. पुढचा चढ जवळ आलेला असतानाच काही उमेदवार निराश होऊन हा व्यवसाय सोडून देत.

पठारावर काय चालते?

या दोघांनी १८९९ मध्ये याचा पुढचा भाग मांडला. त्यांनी शिकणाऱ्याची तीन तऱ्हांनी चाचणी घेतली: सुटी अक्षरे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द आणि सलग अर्थपूर्ण मजकूर. सराव वाढत गेला तशी सलग मजकुराची गती इतर दोन्हींना मागे टाकून पुढे गेली.

यावरून त्यांनी सवयींच्या उतरंडीची कल्पना मांडली. नवखा उमेदवार एकेक अक्षर ओळखतो. पुढे त्याला अख्खा शब्द एकाच आवाजासारखा ऐकू येऊ लागतो. आणखी पुढे शब्दांचे गटच्या गट एकदम कळतात. पण खालची पायरी आपोआप घडू लागल्याखेरीज वरच्या पायरीसाठी लक्ष मोकळे होत नाही. पठारावर असताना ही खालची पायरी पक्की होत असते. गती मोजली तर फरक दिसत नाही, पण काम चालू असते.

पहिलीच्या वर्गात शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. 'क', 'म', 'ळ' अशी अक्षरे लावत वाचणारे मूल काही काळ तिथेच अडल्यासारखे वाटते आणि मग एके दिवशी सरळ 'कमळ' म्हणते.

एक सावधगिरी मात्र हवी. नंतरच्या प्रयोगांत असे पठार दर वेळी आढळले नाही. दुसऱ्या महायुद्धात मोर्स शिकवण्याच्या पद्धतींवर काम केलेले फ्रेड केलर यांनी तर १९५८ मध्ये त्याला 'आभासी पठार' म्हटले. म्हणजे पठार हा निसर्गनियम नव्हे. शिकवण्याची पद्धत बदलली तर ते टळूही शकते. आणि आलेख आडवा आहे एवढ्यावरून पुढे चढ येणारच, असेही म्हणता येत नाही. नुसते जुने काम जुन्याच तऱ्हेने करत राहिल्यास गती कामापुरती राहते. वरची पायरी गाठायला नेटाचा प्रयत्न लागतो, यावर ब्रायन आणि हार्टर यांचाही भर होता.

विसरलेले वाया जात नाही

धीर सुटण्याचे दुसरे कारण म्हणजे विसरणे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दावयव पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. एकदा पाठ केलेली मालिका काही काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात, ही 'बचत' त्यांनी मोजली. एका तासानंतर ती सुमारे ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के, तर ३१ दिवसांनंतर २१ टक्के होती. आपण विसरतो ते बहुतांशी पहिल्या काही तासांतच. पण महिन्याने सारे पुसल्यासारखे वाटले, तरी आधीच्या श्रमांचा सुमारे पाचवा हिस्सा शिल्लक असतो.

त्यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या वेळापत्रकासाठी मोलाचे आहे. सलग ६८ वेळा म्हणून जो परिणाम झाला, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधला. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जागरणापेक्षा रोजचा थोडा सराव श्रमही वाचवतो, तो असा.

वर्गात करून पाहा

प्रत्येक विद्यार्थ्याने रोज एक मिनिट पुस्तक उलटे धरून मोठ्याने वाचावे. शेजाऱ्याने अचूक वाचलेले शब्द मोजावेत. मजकूर रोज नवा, पण सारख्याच काठिण्याचा घ्यावा. तीन आठवडे प्रत्येकाने चौकटीच्या कागदावर स्वतःचा आलेख काढावा. त्यानंतर वर्गाच्या सरासरीचा आलेख फळ्यावर काढावा. सरासरीची रेषा बहुधा गुळगुळीत दिसेल, कारण एकाची अडलेली जागा दुसऱ्याच्या चढाखाली झाकली जाते. वैयक्तिक आलेखांत मात्र कुठे सपाटी, कुठे घसरणही सापडेल. मग विचारावे: तुम्ही या कामाला कंटाळलात तो दिवस कोणता? त्या दिवसानंतर आलेखाचे काय झाले?

उत्तरे वेगवेगळी येतील आणि तशी ती यावीत. ज्याचा आलेख आडवाच राहिला, त्याच्याशी दोन गोष्टी तपासाव्यात. कोणती खालची पायरी अजून कच्ची आहे? आणि सरावात कोणता बदल करून पाहता येईल? 'तुला जमत नाही' आणि 'तू अमुक पायरीवर आहेस' या दोन वाक्यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. पहिल्या वाक्यानंतर वही मिटते. दुसऱ्यानंतर उद्या काय करायचे, हे कळते.