गोळेश्वरची अकादमी आणि कुस्तीचा पैसा

सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावात ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव यांच्या नावाने कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा राज्य सरकारने २००९ साली केली. तेव्हाचे क्रीडामंत्री दिलीप देशमुख यांनी जळगावच्या एका कुस्ती स्पर्धेत ती जाहीर केली. डिसेंबर २०१३ मध्ये कामासाठी १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. २०१७ चा पावसाळा आला तरी गावात काहीच उभे राहिले नव्हते. तेव्हा खाशाबांच्या कुटुंबाने जाहीर केले, की सरकारला अकादमी बांधणे जमत नसेल तर घरात जपलेले हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढू आणि येणाऱ्या पैशातून ती आम्हीच बांधू. ही बातमी देशभर गाजली.

जे पदक विकायची वेळ आली, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आहे. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी ते फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात मिळवले. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले. त्या वर्षी अटलांटाला लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. मधली चव्वेचाळीस वर्षे देशाकडे दाखवण्यासारखे वैयक्तिक पदक एकच होते आणि ते गोळेश्वरच्या घरात होते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्ती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादीवरच्या कुस्तीचा सराव नव्हता, तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ ला संस्थान राहिले नव्हते आणि सरकारी मदत पुरेशी नव्हती. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. बाकीची रक्कम गोळेश्वर-कराडच्या लोकांनी जमेल तशी घातली. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले. देशाला पदक देणाऱ्या माणसाने त्या पदकाचे कर्जही स्वतःच फेडले. १९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले, १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

लोकांच्या पैशावर कुस्ती उभी करण्याची रीत सातारा-सांगली भागाला नवी नाही. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा लागतात आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच. यात्रा कमिटी घरटी वर्गणी काढते. एखादा ऊस बागायतदार, एखादा मुंबईकर गावकरी, एखादा साखर कारखाना मोठ्या कुस्तीचे इनाम आपल्या नावावर घेतो. मैदानाच्या आधी हौद्यातली माती खणून चाळली जाते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू आणि काव मिसळून ती मुरवली जाते. नीट मुरलेली माती अंगाला चिकटते पण बोचत नाही, आणि पाठ टेकली तरी कातडी सोलत नाही. दुपारी हलगी कडाडते आणि पहिल्यांदा उतरतात ती लहान पोरे, रेवड्यांवरच्या कुस्तीसाठी. मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलला की शेवटची मोठी जोड. पंच जोड लावतात, पैलवान शड्डू ठोकतात, आणि चितपट होईपर्यंत बांधावर, झाडावर, घरांच्या माळवदांवर बसलेले लोक हलत नाहीत.

या सगळ्यात पक्के बांधकाम जवळपास नसते. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातले कुंडलचे मैदान याचा सर्वांत भव्य नमुना. डोंगराच्या उतारालाच तिथे प्रेक्षागृहाचा आकार आहे आणि भोवतीचे गाव एका दिवसात कुस्तीशौकिनांनी भरून जाते. पक्क्या बांधकामाचा या परिसरातला मोठा अपवाद म्हणजे कोल्हापूरचे खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले हे मैदान १९१२ पासून कुस्तीच्या सेवेत आहे. तेही सार्वजनिक पैशातलेच, फक्त तो पैसा संस्थानाचा होता. शाहू महाराजांनी मैदानाबरोबर तालमी, वस्ताद आणि पैलवानांचा खुराकही पोसला. नुसती वास्तू बांधून ते थांबले असते तर कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाले नसते.

कोल्हापूरशी असलेल्या या फरकाची किंमत शेजारच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी चुकवली. गुणी पोरे इथे जन्मली आणि घडायला बाहेर गेली. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत घडले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण तर फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेऊन आले. त्याच जकार्तात मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलचे सुवर्ण मिळवले. पुढे १९६४ साली तेही हिंदकेसरी झाले. अलीकडच्या काळात खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. इतके पैलवान देणाऱ्या मुलखातल्या पोराला मोठे व्हायचे असले तर आजही ट्रंक घेऊन कोल्हापूरची नाहीतर पुण्याची एसटी धरावी लागते. एखादा संघ गाव सोडतो तेव्हा वर्तमानपत्रात मथळा येतो. दहावी झालेला पोरगा तालमीसाठी गाव सोडतो, त्याची नोंद कुठेच होत नाही.

गादी आल्यापासून वर्गणीचे गणित तुटले, हे मान्य करायला हवे. आंतरराष्ट्रीय कुस्तीची गादी बारा मीटर चौरस असते, तिच्यावर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, आणि लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची. ती उन्हापावसात ठेवता येत नाही, तिला छप्पर लागते, जमीन सपाट लागते. सरावाला व्यायामसाधने, दुखापतीला वैद्य, राहायला वसतिगृह लागते. यात्रेच्या वर्गणीतून हौदा तयार होतो, वर्षभर चालणारे प्रशिक्षण केंद्र होत नाही. म्हणून सरकारी पैसा हवाच. तो कशावर खर्च व्हावा, हा खरा प्रश्न आहे.

राज्याची क्रीडा संकुल योजना तीन पातळ्यांवर चालते: तालुका, जिल्हा आणि विभाग. पूर्वी तालुक्याला १ कोटी, जिल्ह्याला ८ कोटी आणि विभागाला २४ कोटी रुपये अशी मर्यादा होती. २०२२ साली ती अनुक्रमे ५, २५ आणि ५० कोटींवर नेली. वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण या पैशाचा ओढा बांधकामाकडे आहे. धावपट्टी, प्रेक्षागॅलरी, बंदिस्त हॉल, संरक्षक भिंत, प्रवेशद्वार यांचे अंदाजपत्रक होते, निविदा निघते, भूमिपूजन होते. इमारत झाल्यावर वीजबिल, झाडलोट, डागडुजी यांचा भार संकुल समितीने स्वतःच्या उत्पन्नातून उचलायचा असतो. म्हणून संकुलाच्या कडेने दुकानांचे गाळे येतात, मैदान प्रदर्शनाला आणि सभांना भाड्याने जाते. वस्तादाला दरमहा किती द्यायचे याचा रकाना या हिशेबात शोधूनही सापडत नाही.

वास्तू आणि खेळ यांतले हे अंतर साताऱ्याने उघड पाहिले. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात झाली. कोरोनामुळे खंड पडल्यानंतरची ही पहिलीच स्पर्धा, त्यामुळे गर्दीला तोटा नव्हता. अवकाळी पावसाने मात्र मधेच गाठले आणि उघड्या मैदानातल्या लढतींचे वेळापत्रक कोलमडले. शेवटी कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने गदा जिंकली. पुढच्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि सांगली जिल्ह्याच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. दोन वर्षांत दोन मानाच्या स्पर्धा या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला आल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या स्पर्धा फिरत्या असतात. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी नवे गाव शोधत आली आहे. स्पर्धा भरवण्याचा अधिकार कोणाचा यावरून संघटनांत तट पडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर पुणे जिल्ह्यात फुलगावला एक आणि धाराशिवला दुसरी अशा दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. यजमान जिल्हा मंडप, रोषणाई, बक्षिसे आणि पाहुण्यांच्या सरबराईवर पैसा ओततो. स्पर्धा संपते, मंडप उतरतो, गाद्या ट्रकमधून परत जातात.

यजमानपदावर पैसा ओतण्याच्या पुढची पायरी म्हणजे संघ हलवण्याच्या धमकीने पैसा काढणे. सार्वजनिक पैसा आणि स्थलांतराची धमकी यांचा हा संबंध जगात सर्वांत उघडपणे दिसतो तो अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. तिथले संघ खासगी मालकीचे आहेत. नवे स्टेडियम बांधून द्या, नाहीतर संघ दुसऱ्या शहरात नेतो, असे मालक शहराला बजावतात. १९५७ च्या हंगामानंतर ब्रुकलिनचा डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेला, आणि ही धमकी पोकळ नसते हे सगळ्या शहरांना कळले. २०२३ साली नेवाडा राज्याने लास वेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक निधी मंजूर केला आणि ओकलंडचा संघ तिकडे निघाला. असा खर्च शहराला परत मिळत नाही, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगत आले आहेत. तरी नगरपालिका झुकतात, कारण संघ गमावल्याचा ठपका कोणाही महापौराला नको असतो.

महाराष्ट्रात सामने हलले ते उलट्या कारणाने, आणि त्या गोष्टीत सांगली जिल्हा अगदी मध्यभागी होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हते. मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली रेल्वे ११ एप्रिलला निघाली. पहिल्या खेपेत दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायचा आदेश दिला, कारण मैदानांच्या हिरवळीवर पाण्याची उधळण होत होती. सामने बाहेर गेले, अंतिम सामनाही मुंबईहून बंगळूरला गेला. एरवी धमकी म्हणून वापरले जाणारे स्थलांतर इथे न्यायालयाने घडवले, आणि ते योग्यच होते. सार्वजनिक साधनांवर पहिला हक्क कोणाचा, याचा निवाडा त्या आदेशाने केला.

गोळेश्वरची धमकी या दोन्हींहून वेगळी होती. तिच्यामागे मालकाचा नफा नव्हता. कुटुंबाकडे हलवण्यासारखा संघ नव्हता, होते ते एक पदक. ते विकून मिळणारा पैसाही त्यांना घरात ठेवायचा नव्हता, गावच्या पोरांसाठी आखाड्यातच घालायचा होता. सरकारने दिलेला शब्द पाळावा म्हणून ऑलिम्पिकवीराच्या घराला हे बोलावे लागले, ही राज्याच्या क्रीडा कारभारावरची गंभीर टीका आहे. पुढे २०२३ साली सरकारने खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. मान मोठा आहे, पण दिनाने तालीम चालत नाही.

कुस्तीवरचा सरकारी खर्च आज मुख्यतः दोन टोकांना होतो. एका टोकाला इमारत, दुसऱ्या टोकाला जिंकून आलेल्या पैलवानाला मानधन आणि नोकरी. महाराष्ट्र केसरीची गदा तीनदा जिंकणाऱ्या विजय चौधरींना पोलीस उपअधीक्षकाचे पद मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण बारा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा लंगोट कसतो तेव्हापासून तो गदेपर्यंत पोचेपर्यंतची दहा वर्षे बाप म्हैस विकून, आई दुधाचे पैसे साठवून काढतात. बदाम, तूप, दूध यांचा खर्च शेतमजुराच्या घराला पेलत नाही आणि बरीच पोरे इथेच गळतात. सार्वजनिक पैशाचे काम याच मधल्या पट्ट्यात आहे. गावच्या जुन्या तालमीचे पत्रे बदलणे, तिथे एक गादी टाकणे, वस्तादाला पगार देणे, निवडक मुलांना दरमहा खुराक पुरवणे, मुलींसाठी वेगळी राहण्याची सोय करणे, यातले कोणतेच काम भव्य संकुलाच्या खर्चाला पोचत नाही, आणि त्याला भूमिपूजनाचा मंडपही लागत नाही. सातारा आणि सांगलीच्या प्रत्येक तालुक्यात अशी जुनी तालीम कुठे ना कुठे उभी आहे. तालुक्यात पुढचे क्रीडा संकुल मंजूर होईल तेव्हा ग्रामसभेने कोनशिलेवर कोणाची नावे यायची याची चर्चा बाजूला ठेवावी आणि आधी एवढेच विचारावे, की इथे वस्ताद कोण असणार आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघणार. त्याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय ग्रामसभेने जागेचा ठराव करू नये.