बीडचा विद्यार्थी आणि मराठवाड्याचे विद्यापीठ

विद्यापीठ म्हटले की भव्य वास्तू डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठ ही वास्तू नसून व्यवस्था आहे. तो शिकतो अंबेजोगाईस वा परळीस; त्याची पदवी मात्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची असते.

हा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून देण्याचा तो प्रयोग खरोखर धाडसाचा होता. पण ती भाषा उर्दू होती. बीडच्या मराठी मुलास इंग्रजी माध्यम टळले, तरी घरची भाषा लाभली नाही. तत्त्व थोर, परंतु त्याचे फळ पदरी पडले थोड्यांच्याच. अंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी केलेल्या कार्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे त्याचे क्षेत्र होते. मिलिंद महाविद्यालय काढून या प्रदेशात उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्या डॉ. आंबेडकरांचे नाव विद्यापीठास द्यावे, असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. त्यावरून दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे प्राणांस मुकली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडास निराळे विद्यापीठ निघाले; बीड मात्र मूळ विद्यापीठातच राहिले.

राज्यपाल हे कुलपती. प्रत्यक्ष कारभार कुलगुरूंकडे. अभ्यासक्रमाचा विचार अभ्यास मंडळे व विद्या परिषद करतात, कारभाराचे निर्णय व्यवस्थापन परिषद घेते. वैद्यकीय शिक्षण १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, म्हणून अंबेजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच्याशी जोडलेले आहे.

या रचनेत अधिसभेचे स्थान विशेष आहे. प्राध्यापक व प्राचार्यांप्रमाणे नोंदणीकृत पदवीधरही तेथे आपले प्रतिनिधी निवडून पाठवितात. ज्या जिल्ह्यास एके काळी शिक्षणाची भाषाही कोणी विचारली नाही, तेथील पदवीधराच्या हाती आज मत आहे. मात्र नाव नोंदविल्यावाचून तो हक्क कागदावरच राहतो.