पाळणा, पैज आणि पाण्याचा टँकर

पैज लागली होती एक हजार डॉलरची. साल १९८०. एका बाजूला पॉल एर्लिक. मूळचे फुलपाखरांचे तज्ज्ञ, पण जगभर गाजले ते १९६८च्या 'द पॉप्युलेशन बॉम्ब' या पुस्तकामुळे. माणसं अशीच वाढत राहिली तर सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक उपासमारीने मरतील, असं भाकीत त्यात होतं. दुसऱ्या बाजूला अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन. त्यांचं गणित उलटं. माणसाला खायला तोंड असतं तसं चालवायला डोकंही असतं. टंचाई आली की तो पर्याय शोधतोच!

एर्लिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी पाच धातू निवडले : तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन. प्रत्येकी दोनशे डॉलरचे. दहा वर्षांनी, महागाई वजा करून, भाव चढले तर फरक सायमननी द्यायचा, उतरले तर एर्लिकनी. त्या दहा वर्षांत जगात ८० कोटींहून जास्त माणसांची भर पडली. आणि भाव? धाडकन खाली! तांब्याच्या तारांऐवजी ऑप्टिकल फायबर येऊ लागलं, कथिलाच्या डब्यांना ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकचा पर्याय मिळाला. ऑक्टोबर १९९० मध्ये एर्लिकनी ५७६ डॉलर ७ सेंटचा चेक निमूटपणे पोस्टात टाकला. (दुसरी कुठली दहा वर्षं निवडली असती तर ते जिंकलेही असते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलंय. नशीब नशीब म्हणतात ते हेच!)

आता ही जुनी पैज मी का उकरून काढतेय? कारण आमच्या घरी सध्या 'दुसरा चान्स घ्यायचा का' हा विषय ऐरणीवर आहे. मी तेहतिशीची, लेक चार वर्षांची. सासूबाई म्हणतात, "एकाला एक असावं गं." आणि ऑफिसातली मैत्रीण डबा उघडता उघडता ऐकवते, "आठशे कोटी झालो आपण! आणखी एक कशाला?"

मैत्रिणीचा आकडा बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने १५ नोव्हेंबर २०२२ला जगाने तो टप्पा ओलांडला. पण वेग मंदावलाय, हे तिच्या गावीही नाही. लोकसंख्या स्थिर राहायला दर बाईमागे साधारण २.१ मुलं लागतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाची सरासरी २.० निघाली, महाराष्ट्राची १.७! माझी आजी नऊ भावंडांतली, आई चौघांतली, आणि आम्ही दोघंच. मुली शिकल्या, जन्मलेली मुलं जगायला लागली, साधनं हाताशी आली. ज्या विषयासाठी र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि आयुष्यभर टीका झेलली, तो आज केमिस्टच्या काउंटरवर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजानुसार २०८०च्या दशकात जग १०३० कोटींच्या आसपास पोहोचेल आणि मग हळूहळू ओसरू लागेल.

म्हणजे सायमन जिंकले, चला पार्टी करू? थांबा जरा.

तांब्याला मालक असतो, बाजार असतो, भाव असतो. टंचाई आली की भाव ओरडून सांगतो आणि कुणीतरी पर्याय शोधतं. पण ज्याला भावच नाही त्याचं काय? हरितक्रांतीने एर्लिकचं भाकीत खोटं पाडलं. १९६५ ते १९७० या पाच वर्षांत आपला गहू सव्वा कोटी टनांच्या आतून दोन कोटी टनांवर गेला. त्यामागे नवं बियाणं होतं, खत होतं आणि जमिनीखालचं पाणीही होतं. आज जगात सर्वांत जास्त भूजल उपसतो तो भारत. अमेरिका आणि चीन मिळूनही तेवढं उपसत नाहीत. जमीन तुमची, पंप तुमचा, मग पाणी हवं तेवढं. बिल येतं फार तर विजेचं, तेही बऱ्याच ठिकाणी माफ.

शेतकऱ्याला नावं ठेवायच्या आधी जरा आमच्या सोसायटीत या. पुण्याच्या वेशीवर, एकशे वीस फ्लॅट. मार्च उजाडला की टँकर सुरू. ते पाणी येतं जवळच्या कुठल्यातरी गावच्या बोअरमधून. बिल सगळ्या फ्लॅटना सारखं! जो रोज पाइप लावून एसयूव्ही धुतो त्यालाही तेवढंच आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंनाही तेवढंच. मग नळ बंद करायची घाई कुणाला असणार?

खरी मेख इथे आहे. माणसं किती, हा निम्मा प्रश्न झाला. एकेक माणूस काय आणि किती वापरतो, हा उरलेला निम्मा. सरासरी अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, सरासरी भारतीयामागे सुमारे दोन टन. आणि आपण, पॅकेजवाले, त्या दोन टनांच्या सरासरीत बसत नाही. दोन गाड्या, तीन एसी, वर्षाला एक फॉरेन ट्रिप... आमचं तिघांचं घर कदाचित गावाकडच्या आठ जणांच्या घराला भारी पडेल.

दुसऱ्या चान्सचं आम्ही दोघं बघू. त्यात पाळणाघराची फी आहे, माझं प्रमोशन आहे, लेकीचा हट्टही आहे. पण मैत्रिणीला आता मी एवढं नक्की सांगते, की 'एकच मूल' म्हणून माझं पृथ्वीचं खातं चुकतं होत नाही.

येत्या रविवारी आमच्याकडे मीटिंग आहे. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवायचा ठराव मी मांडणार आहे. एसयूव्हीवाले खवळणार, हे गृहीत धरलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं मत पक्कं आहे. तुमच्याकडे टँकरचं बिल कसं वाटतात, जरा विचारून बघा!