उलट्या फिरकीचे बळ

१९७० च्या दशकात जपानात उदयास आलेल्या एअरसॉफ्ट या खेळातील लांब पल्ल्याची रायफल नेम चुकवू लागली, की हौशी मनुष्य प्रथम अधिक ताठ स्प्रिंगची तजवीज करू पाहतो. परंतु जपानी कायद्याने सहा मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा एका ज्यूलच्या आत जखडून टाकल्यामुळे तेथे अचूकतेचीच उपासना करावी लागते, आणि शास्त्रही त्याच मार्गाला कौल देते. टोकियो मारुईच्या व्हीएसआर-१० या रायफलीत हॉप-अप नावाचा रबराचा इवलासा उंचवटा गोळीच्या माथ्याला घासून तिला उलटी फिरकी देतो, आणि मॅग्नस परिणामामुळे वरच्या दिशेने बल लाभून ती दूरवर जवळजवळ सरळ जाते. तो उंचवटा तिरका बसला, तर फिरकीचा अक्ष कलतो आणि गोळी एका बाजूस वळते. त्यावर तेलाचा अंश राहिला, तर घर्षणच उणावते. म्हणून दुरुस्तीचा प्रारंभ नळी व रबर स्वच्छ, कोरडे करण्यापासून करावा, स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबून गोळी ढकलणाऱ्या दट्ट्याभोवतीच्या हवेच्या गळतीचा बंदोबस्त करावा, आणि मगच ०.२० ग्रॅमऐवजी ०.३० ग्रॅमच्या गुळगुळीत गोळ्या घ्याव्यात. त्या निघतात सावकाश, पण वाऱ्याला सहजी बधत नाहीत. प्रत्येक गोळीस तीच गती व तीच फिरकी मिळणे, हेच अचूकतेचे मर्म होय.