गोपनीयतेची पारख (लेखांक ५) : कर्जापेक्षा लपवाछपवी महाग

सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी, म्हणजे सरकारी गुपितं हाताळण्याच्या परवानगीसाठी, अमेरिकेत भरावा लागणारा ‘एसएफ-८६’ हा लांबलचक अर्ज आपण मागच्या लेखांकात पाहिला. त्यातला २६वा विभाग पैशाचा. गेल्या सात वर्षांत दिवाळखोरीचा अर्ज केला का, कर थकवला का, एखादं देणं १२० दिवसांहून अधिक तुंबलं का, असे त्यातले प्रश्न. गुपितं सांभाळणाऱ्याच्या क्रेडिट कार्डाशी सरकारला काय करायचंय?

त्यासाठी रोनाल्ड पेल्टनचं प्रकरण पाहावं. तो एनएसए या गुप्तवार्ता संस्थेत कामाला होता. १९७९मध्ये त्याचं दिवाळं निघालं, त्याच वर्षी त्याने नोकरी सोडली आणि जानेवारी १९८०मध्ये थेट वॉशिंग्टनमधला सोव्हिएत दूतावास गाठला. ओखोत्स्क समुद्राच्या तळाशी सोव्हिएत केबलवर अमेरिकेने चोरून लावलेल्या यंत्राची माहिती त्याने विकली. जवळ एकही कागद नव्हता. सगळं आठवणीतून सांगितलं. हाती पडले सुमारे ३५ हजार डॉलर. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५मध्ये फितूर झाला, तोही कर्जाने गांजलेला असताना.

म्हणून क्लिअरन्स देताना २०१७पासून लागू असलेल्या १३ निकषांत आर्थिक स्थितीचा वेगळा निकष आहे. पण त्यात कर्जाची कमाल मर्यादा कुठेही दिलेली नाही. घरकर्ज, शैक्षणिक कर्ज नियमित फेडणाऱ्याला अडचण येत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला म्हणून हप्ते थकले, तर तेही लक्षात घेतलं जातं. मात्र त्या काळात माणूस कसा वागला, हे तपासतात. सावकाराशी बोलून हप्ते बांधून घेतले का? समुपदेशकाकडे गेला का? की पत्रं न उघडताच बाजूला टाकली?

थकबाकी अर्जात न सांगणं सर्वांत घातक. क्रेडिट रिपोर्टमुळे ती उघड होतेच, आणि मग प्रश्न पैशाचा न राहता सचोटीचा होतो. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा निकष मला योग्य वाटतो, पण त्यातली एक बाब सलते. क्लिअरन्स नाकारला की अनेकदा नोकरी जाते आणि नोकरी गेली की कर्ज फेडायचं कशातून? शंका उरली तर निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने लागतो. अर्जदाराचा संसार त्यात दुय्यम ठरतो.

अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन तिथल्या संरक्षण क्षेत्रात काम करू पाहणाऱ्या मराठी अभियंत्यांनी अर्जाआधी आपला क्रेडिट रिपोर्ट मागवावा, थकबाकीची व्यवस्था लावावी, कागद जपून ठेवावेत. पुण्यातला फ्लॅट किंवा गावाकडची जमीन अर्जात कशी दाखवायची, ते पुढच्या आठवड्यात पाहू.