रजोनिवृत्तीच्या काळातील पती : चिकित्सेतील दुर्लक्षित परिचारक

रजोनिवृत्ती हा व्याधी नव्हे, ती वयाची स्वाभाविक अवस्था आहे, हे आपण सर्व वैद्य जाणतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजःप्रवृत्तीचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. आज भारतीय स्त्रियांत पाळी जाण्याचे सरासरी वय सुमारे ४६-४७ वर्षे आढळते. या अवस्थेतील लक्षणांची चर्चा आपल्या चिकित्सकवर्गात पुष्कळ होते. त्या स्त्रीच्या घरातील पुरुषाची चर्चा मात्र क्वचितच होते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

पालघर व बोईसर-तारापूर परिसरात काम करताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात येते. रजोनिवृत्तीच्या तक्रारी असलेली स्त्री स्वतः दवाखान्यात उशिरा येते. त्याआधी तिचा पती औषधाच्या दुकानात येऊन गेलेला असतो. "घरी फार चिडचिड करते, काहीतरी थंड द्या," किंवा "अंगावरून फार जाते, एखादी बाटली द्या," इतकेच तो सांगतो. औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांमुळे त्याला दिवसा दवाखान्यात येणे जमत नाही. पालघर-डहाणूकडून पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जाणाऱ्यांची गोष्टही निराळी नाही. तेव्हा या विषयातील पहिला वैद्य पुष्कळदा औषध दुकानदारच ठरतो, हे आमच्या दुकानदार बंधूंनी ध्यानात घ्यावे.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याचे म्हणजे परिचारकाचे चार गुणही दिले आहेत : उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. त्यांतील अनुराग हा 'भर्त्या'विषयी असावा असे ग्रंथ म्हणतो. तेथे भर्ता म्हणजे ज्याची सेवा करावयाची तो स्वामी. प्रस्तुत प्रसंगी लौकिक अर्थाने जो भर्ता, त्यालाच परिचारक व्हावयाचे आहे! विनोदाचा भाग सोडला तरी अनुभव असा की, अनुराग बहुतेक पतींच्या ठायी असतो. नसते ती उपचारज्ञता. पत्नीच्या शरीरात काय घडते आहे हे त्याला कोणीही सांगितलेले नसते. आईने सांगितले नाही, शाळेत शिकवले नाही, आणि आपणही त्याला बाकावर बसवून केवळ तिचीच नाडी पाहिली.

मात्र त्याला सांगण्यापूर्वी एक पथ्य आपण पाळावे. स्त्रीशी प्रथम एकटीशी बोलावे, आणि पतीला काय सांगावयाचे याची तिची संमती घ्यावी. ज्या घरात मद्यपान वा मारहाण आहे तेथे तिच्या तक्रारी पतीपुढे उघड करणे तिला घातक ठरू शकते. तेथे मार्ग वेगळा आणि तिच्या सुरक्षिततेचा विचार आधी.

संमती मिळाल्यावर पतीला रात्रीपासून समजावण्यास आरंभ करावा, कारण पहिली ठिणगी बहुधा तेथेच पडते. पंख्यावरून भांडण होते. पत्र्याच्या खोलीत, किनारपट्टीच्या दमट उकाड्यात, रात्री दोन वाजता पत्नी घामाने भिजून उठते, पंखा वाढवते, काही वेळाने गारठून पांघरूण ओढते. शेजारी झोपलेल्या, सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या पतीला हा लहरीपणा वाटतो. त्याला सांगावे की बीजग्रंथींतील स्त्रावाचे प्रमाण घटू लागले की मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र अतिसंवेदनशील होते. अल्प उष्णताही त्याला अधिक वाटते आणि ते घाम सोडून शरीर थंड करू पाहते. हा वेग सामान्यतः एक ते पाच मिनिटांत ओसरतो. पित्ताचे दाह-स्वेद आणि वयानुसार बलवान होणारा वात यांच्या संधीत ही लक्षणे बसतात, हे आपल्यापुरते. पतीला पंख्याचे कारण कळले तरी पुरे. तो आपल्यासाठी चादर वेगळी घेतो आणि पंखा तिच्या हाती सोपवतो.

मुदतीविषयी खोटा दिलासा देऊ नये. अमेरिकेतील 'स्वॅन' या दीर्घकालीन अभ्यासाने २०१५ साली दाखवले की, वारंवार दाहाचे वेग येणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत ते सात वर्षांहून जास्त काळ टिकले. "चार महिन्यांत बरी होईल" असे ऐकलेला पती पाचव्या महिन्यात रागावतो.

आता ज्या विषयावर पती बोलत नाही आणि आपणही विचारत नाही त्याकडे वळू. पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ वाजीकर औषध मागावयास येतात. जरा खोलात शिरल्यास कळते की, "हिला आता इच्छाच राहिली नाही" असा त्यांचा समज आहे. पत्नीशी बोलल्यावर उलगडते ते वेगळेच : तिला वेदना होतात. योनीचा अंतःस्तर पातळ व रूक्ष होतो, स्निग्धता घटते, क्वचित संबंधानंतर किंचित रक्तही दिसते. ग्रंथोक्त शुष्का योनिव्यापदाशी हेतू भिन्न असला तरी लक्षणसाम्य आहे. दाह-स्वेद कालांतराने कमी होतात. हे रौक्ष्य उपचारांवाचून सहसा जात नाही. अशा वेळी पतीला वाजीकर देणे म्हणजे तिच्या वेदना वाढवणे होय. स्त्रीचे परीक्षण करून योग्य स्नेहाचा योनिपिचू द्यावा, गरजेनुसार स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. आणि पतीला स्पष्ट सांगावे की ती दूर सरते ती दुखते म्हणून, तो नकोसा झाला म्हणून नव्हे. हे एक वाक्य ऐकून उतरलेले चेहरे सैल झालेले आम्ही पाहिले आहेत. आणखी एक सूचना : पाळी लांबली म्हणजे गर्भधारणेची भीती संपली असे नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबल्यास दोन वर्षे व पन्नाशीनंतर थांबल्यास एक वर्ष संततिनियमन चालू ठेवावे.

रक्तस्त्रावाची बाब मात्र पतीच्या समजुतीवर किंवा दुकानातील बाटलीवर सोडता येत नाही. सलग बारा महिने पाळी न आल्यावर पुन्हा एक थेंब जरी रक्त दिसले तरी तपासणी आवश्यक आहे. गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य स्त्रियांत हेच लक्षण दिसते, आणि वेळेत ओळखल्यास तो बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते. अशा स्त्रीसाठी पतीच्या हाती अशोकारिष्ट वा पुष्यानुग चूर्ण देणे म्हणजे निदानाचे मोलाचे महिने गमावणे. दुकानदार बंधूंनी विक्रीपूर्वी चार प्रश्न विचारावेत : वय काय, शेवटची पाळी कधी, मध्ये किती खंड पडला, रक्तदाब-मधुमेह-थायरॉईडचे कोणते औषध चालू आहे. पतीला उत्तरे बहुधा ठाऊक नसतात. तेव्हा घरी विचारून येण्यास सांगावे. त्या निमित्ताने तरी घरात बोलणे होते. ज्या घरी भिंतीवर 'कालनिर्णय' टांगलेले आहे तेथे पत्नीच्या संमतीने रक्तस्त्रावाच्या तारखांवर लहानसा ठिपका करावा. आमच्या रुग्णांपैकी काही पतींनी हे काम इतक्या चोखपणे केले की आमचे अर्धे प्रश्नच वाचले.

चौथ्या प्रश्नाचे कारण दुकानदारांना ठाऊक असेलच, तरी पुन्हा नमूद करतो. शतावरी कल्पात साखरेचे प्रमाण मोठे असते, तो मधुमेही स्त्रीला देऊ नये. अश्वगंधा थायरॉईडच्या रुग्णेस वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. स्त्रीरोगतज्ज्ञांनी संप्रेरके सुरू केली असल्यास "ते इंग्रजी बंद करा, हे घ्या" असे काउंटरवरून सांगण्याचा मोह टाळावा; तो निर्णय त्या स्त्रीचा व तिच्या तज्ज्ञांचा आहे.

चिडचिडीविषयी पती सर्वाधिक बोलतो, म्हणून आम्ही येथे थोडक्यात आवरतो. झोप मोडलेली स्त्री दिवसा चिडते. झोप सुधारली की निम्मे प्रश्न सुटतात. पहाटेचे पाणी भरण्याचे काम पतीने आठवड्यातून चार दिवस उचलले तर कित्येक चूर्णांहून अधिक गुण येतो. चारचौघांत "म्हातारी झाली" अशी थट्टा वर्ज्य. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, अन्नद्वेष, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे दिसल्यास ती चिडचिड समजू नये व मानसोपचारतज्ज्ञांकडे नेण्यास विलंब करू नये.

सातपाटीसारख्या गावांतील मासळी विकणाऱ्या भगिनींत एक वेगळी अडचण दिसते. हाडांची झीज या वयात वेगाने होते, आणि डोक्यावरील पाटीचा भार काही सुटत नाही. घरचा पुरुष दर्यावरून परतल्यावर पाटी उचलण्यास हात लावतो का, हे आम्ही विचारतो. आहारात नाचणी, तीळ, काट्यासह खाता येणारी बारीक मासळी सुचवतो.

पुढच्या भेटीस पती-पत्नी दोघांनाही बोलवावे आणि वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारावा : गेल्या महिन्यात रात्री किती वेळा उठावे लागले? उत्तरे जुळू लागली की परिचारक कामाला लागला असे समजून औषधांची मात्रा ठरवावी.